शिवेवरील न्याय

महाराष्ट्र कोठें संपतो, हा प्रश्न पुण्यास बसून विचारला म्हणजे तो भूगोलाचा वाटतो. नकाशा उघडावा, जाड रेघेवरून बोट फिरवावें, उत्तर मिळालें. तोच प्रश्न सोलापुरांत, आमच्या शुक्रवार पेठेंत बसून विचारला कीं त्याचें रूप पालटूं लागतें. येथील दुकानदार गिऱ्हाइकाशीं मराठींत भाव ठरवितो, आंत वळून घरच्या माणसांशीं कानडींत बोलतो, आणि त्याच दुकानाच्या पायरीवर मागावरून उठून आलेले दोन पद्मशाली विणकर आपसांत तेलुगूंत हिशेब करीत उभे असतात. शहराच्या जुन्या वेशींचीं नांवें घ्या. एक तुळजापूर वेस, एक विजापूर वेस. तुळजापूर १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. आमच्या आजोबांना भवानीच्या दर्शनास जावयाचें तर परराज्यांत पाऊल टाकावें लागे. विजापूर तेव्हां आमच्याच मुंबई इलाख्यांत होतें. १९५६ नंतर तुळजापूर आपलें झालें आणि विजापूर परराज्यांत गेलें. गांवें जागचीं हललीं नाहींत, रस्ते तेच राहिले; ‘आपलें’ आणि ‘परकें’ हे दोन शब्द तेवढे एकमेकांच्या जागीं जाऊन बसले.

ज्या शब्दांना अशी जागा बदलतां येते त्यांच्यासाठीं माणसें प्राण देतात आणि घेतात, ही गोष्ट साधी नव्हे. सीमावादावर आपल्याकडे जें लिहिलें गेलें तें बहुतेक इतिहासाच्या किंवा कायद्याच्या अंगानें. परंतु त्याच्या मुळाशीं एक नीतीचा प्रश्न आहे. एखाद्या भूमीस ‘ही आमची’ म्हणण्याचा अधिकार कशानें येतो? पूर्वजांमुळें, भाषेमुळें, कीं तेथें आज राहणाऱ्या माणसाच्या इच्छेमुळें? आणि जें प्रमाण आपण एका ठिकाणीं पुढें केलें, तेंच दुसऱ्या ठिकाणीं आपल्याविरुद्ध जात असतां मान्य करण्याची आपली तयारी आहे काय?

प्रथम पूर्वजांचा दावा पाहूं, कारण व्याख्यानपीठावर टाळ्या त्यालाच अधिक पडतात. महाराष्ट्राच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून ऐहोळे येथील इ. स. ६३४ चा शिलालेख नेहमीं दाखविला जातो. रविकीर्तीनें रचलेल्या या प्रशस्तींत दुसरा पुलकेशी नव्याण्णव हजार गांवांच्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपति झाल्याचें म्हटलें आहे. पुरावा खणखणीत आहे यांत शंका नाहीं. पण हा लेख ज्या जैन मंदिराच्या भिंतीवर कोरला आहे तें मंदिर आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यांत आहे. पुलकेशीची राजधानी बदामी त्याच जिल्ह्यांत. आणि कर्नाटक या राजास आपल्या इतिहासाचा मुकुटमणि मानतें. म्हणजे आमच्या नांवाचा दस्तऐवज शेजाऱ्याच्या घरीं, त्याच्याच पूर्वजाच्या स्तुतींत जपून ठेवलेला आहे. शिवाय महाराष्ट्रक तीन होते, एक नव्हता, ही बारीकशी गोष्ट वक्ते बहुधा गाळतात.

शेजाऱ्यापाशींही असाच दस्तऐवज आहे. नवव्या शतकांत राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या दरबारीं ‘कविराजमार्ग’ हा ग्रंथ झाला. कानडी साहित्याचा उपलब्ध असलेला हा आद्य ग्रंथ. त्यांत कानडी देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत पसरला असल्याचें सांगितलें आहे. हें शब्दशः धरलें तर सोलापूर, पंढरपूर, तुळजापूर तर गेलेंच, पण पैठणच्या घाटावर उभे राहून पलीकडच्या तीराकडे पाहणाऱ्यासही परदेश दिसूं लागेल. आमचे लोक या वाक्यावर चिडतात, त्यांचे लोक त्यावर फुशारतात. आणि त्याच ग्रंथकारानें पुढें काय सांगितलें तें दोघेही वाचीत नाहींत. तो म्हणतो, खऱ्या निखळ कानडीचा मुलूख म्हणजे किसुवोळल, कोपण, पुलिगेरे आणि ओंकुंद या चार नगरांच्या मधला. किसुवोळल म्हणजे आजचें पट्टदकल, कोपण म्हणजे कोप्पळ, पुलिगेरे म्हणजे लक्ष्मेश्वर. केवढ्या विस्ताराचा देश, आणि केवढेंसें त्याचें हृदय!

आमच्याकडे महानुभावांनींही असेंच केलें. चक्रधरस्वामींनीं आपल्या अनुयायांस कानड देशीं, तेलंग देशीं न जातां महाराष्ट्रीं राहावयास सांगितलें. पुढें भाष्यकारांना प्रश्न पडला कीं महाराष्ट्र म्हणजे नेमका कोणता. त्यांनीं त्याचीं खंडमंडळें सांगितलीं: गंगेचे दोन्ही तीर हें एक, वऱ्हाड हें एक, आणि फलटणपासून दक्षिणेस जेथवर मराठी भाषा वर्तते तेथवर एक. या ‘जेथवर वर्तते’ मध्यें केवढा शहाणपणा आहे! दक्षिणेची शीव त्यांनीं डोंगराला बांधली नाहीं, नदीला बांधली नाहीं. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाला बांधली. माणूस सरकेल तशी ती सरकेल, आणि दोन भाषा बोलणारा माणूस भेटला तर दोन्हीकडे असेल.

हे दोन जुने ग्रंथ समोरासमोर ठेवले म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. पूर्वींचे लोक देश ओळखीत तो त्याच्या मध्यावरून. कोठें दाट आहे हें त्यांना नेमकें ठाऊक असे. कोठें विरळ होत जातें याची मोजणी करण्याची त्यांना गरज भासली नाहीं. आपण उलट करतों. आपला देश आपण त्याच्या कडेवरून ओळखतों, आणि कड एका गांवानें आंत-बाहेर झाली तर सगळा देशच बुडाला असें समजतों. ही नवी दृष्टि कोठून आली हें सांगणें कठीण नाहीं. परंतु ती नवी आहे एवढें तरी कबूल केलें पाहिजे, आणि तिच्या पुष्ट्यर्थ हजार वर्षांपूर्वींचे साक्षीदार ओढून आणूं नयेत. ते बिचारे भलत्याच खटल्यांत साक्ष देऊन गेले आहेत.

आमच्या जिल्ह्यांतलेच दोन दाखले पुरे होतील. पंढरपूरच्या मंदिरांत १२३७ सालचा होयसळ राजा सोमेश्वराचा लेख आहे. तो संस्कृत व कानडी भाषांत आहे. त्याच मंदिरांत चाळीस वर्षांच्या आंत, यादव रामचंद्राच्या कारकिर्दींत, चौऱ्यायशीचा म्हणून प्रसिद्ध असलेला लेख कोरला गेला. त्यांत देणगीदारांची यादी मराठींत आहे. देव एक, वीट एक. भाषा मात्र दोन. आणि भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल येथें शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा, मराठीच्या अगदीं पहिल्या कालोल्लेख असलेल्या लेखांपैकीं एक लेख सांपडला. गांवाचें नांव मात्र कानडी. ‘कूडल’ म्हणजे संगम. आतां या गांवावर हक्क कोणाचा, दगडावरच्या भाषेचा कीं गांवाच्या नांवाचा?

राजेरजवाड्यांच्या सीमांबद्दल फार लिहावयाचें कारण नाहीं. त्यांत नीतीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाहीं, कारण ती आमच्या किल्ल्याची आहे. १५२४ सालीं अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा आणि विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम यांचें लग्न झालें, तेव्हां सोलापूरचा किल्ला वधूबरोबर आंदण द्यावयाचें ठरलें होतें. आंदण पोंचलें नाहीं, आणि त्या न पोंचलेल्या आंदणापायीं दोन शाह्या पुढें कित्येक वर्षें लढत राहिल्या. मग तालिकोटच्या लढाईपूर्वीं दोघांचा मेळ घालण्यासाठीं हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहास दिली, तेव्हां हाच किल्ला आंदण म्हणून उलट दिशेनें गेला. एक आख्खा मुलूख, त्यांतल्या रयतेसकट, भांड्याकुंड्यांप्रमाणें इकडून तिकडे. रयतेला विचारण्याची कल्पना कोणाच्या स्वप्नांतही आली नसेल.

इंग्रजांनीं आंदणाची चाल मोडली व सोयीची सुरू केली. १८३८ सालीं सोलापूरचा विभाग बांधला गेला, त्यांत बार्शी, मोहोळ, माढें, करमाळें यांच्याबरोबर इंडी, हिप्परगी आणि मुद्देबिहाळ होतीं. १८६४ सालीं तो मोडला. १८७१ सालीं पुन्हां बांधला, तेव्हां साताऱ्याकडून पंढरपूर आणि सांगोलें आलें, १८७५ सालीं माळशिरस आलें. इंडीची माणसें एकेकाळीं आमच्याच कचेरींत सारा भरीत होतीं, याचें आज कोणाला स्मरणही नाहीं, आणि त्यावांचून कोणाचें कांहीं अडलेलेंही नाहीं. कलेक्टराच्या सोयीपलीकडे या रेघांना अर्थ नव्हता. पण आपण केवळ सोय पाहतों हें तो कलेक्टर लपवीत तरी नव्हता.

यानंतर भाषावार प्रांतरचनेचें तत्त्व आलें. आंदण आणि सोय या दोहोंहून तें थोर आहे, याविषयीं माझ्या मनांत संदेह नाहीं. राज्य लोकांचें व्हावयाचें तर कोर्टाचा निकाल, तलाठ्याचा उतारा आणि शाळेंतला पाठ हीं लोकांना कळलीं पाहिजेत; त्यासाठीं सरकारनें लोकांच्या भाषेंत बोललें पाहिजे; आणि तसें बोलावयाचें तर कोठें तरी रेघ ओढलीच पाहिजे. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणून रेघच नको, असें म्हणणें हा पंडिताचा आळस झाला. खळ्यावरच्या ज्वारीच्या राशींतून एकेक दाणा काढीत गेलें तर रास केव्हां संपली हें सांगतां येत नाहीं, पण म्हणून रास आणि मूठ यांत भेद नाहीं असें कोणी शेतकरी म्हणणार नाहीं. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं निजामाचा मुलूख तीन भाषांत वांटला गेला. एकट्या बिदर जिल्ह्यांतून अहमदपूर, निलंगें, उदगीर हे तालुके इकडे आले; भालकी, औराद, बसवकल्याण तिकडे राहिले. बेळगांव जिल्ह्यांतून चंदगड इकडे आलें. बेळगांव शहर, निपाणी, खानापूर तिकडे गेलें.

परंतु या तत्त्वाचाही एक गृहीत सिद्धान्त आहे, आणि तो आमच्या भागांत टिकत नाहीं. तो असा कीं प्रत्येक माणसाला एकच भाषा असते. दोन-तीन वर्षांपूर्वीं मीं वर्गांत सहज विचारलें, महाराष्ट्र कोठें संपतो? अक्कलकोटकडची एक मुलगी म्हणाली, “सर, आमच्या उंबऱ्यापाशीं. आंत कानडी, बाहेर मराठी.” वर्ग हंसला. ती थांबून पुढें म्हणाली, “पण आमची आजी वारीला जाते, आणि अभंग मराठींतच म्हणते.” शिरगणतीच्या कागदावर त्या आजीचें काय लिहावें? मातृभाषा कानडी. तें खोटें नाहीं, आणि पुरेंही नाहीं. १९३० सालीं या शहरानें लष्करी कायदा भोगला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं येथील चौघे येरवड्यास फांशीं गेले: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा. हीं चार नांवें मोठ्यानें उच्चारून पाहावीं. त्यांना एकत्र बांधणारी वस्तु मातृभाषेच्या रकान्यांत सांपडणार नाहीं.

डॉ. आंबेडकर भाषिक राज्यांचे पुरस्कर्ते होते, तरी १९५५ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं एक इशारा देऊन ठेवला होता, कीं अशा राज्यांत बहुसंख्य जमातीच्या हातीं लहान जमाती सांपडतील, त्यांचें काय करणार हें आधीं सांगा. तो इशारा जातींविषयीं होता. भाषांविषयींही तो तितकाच खरा आहे. कोठलीही रेघ ओढा, चुकीच्या बाजूस कोणी तरी राहणारच. रेघ ओढणाऱ्याचें कर्तव्य खरोखर तेथून सुरू होतें, आणि आम्ही मात्र रेघ ओढून झाली कीं कर्तव्य संपलें, किंवा रेघ मनासारखी नसेल तर कर्तव्य सुरूच झालें नाहीं, असें समजतों.

आपल्या घरच्या व्यवहारांत आपण इतके अडाणी नसतों. भावाभावांची वाटणी होते तेव्हां शेत बांधाबांधानें तोडून दिलें जातें. पण विहीर तोडून देत नाहींत. तिची पाळी ठरते. तिच्याकडे जाणारी वाट सामाईक राहते, कुळाच्या देवाचीही पाळी ठरते. आणि हें सगळें झाल्यावर जो भाऊ दरवर्षीं नांगरतांना बांध एकेक वीत कोरीत जातो त्याला गांव नांवें ठेवतें, मग त्याच्यापाशीं कितीही जुना कागद असो. या वाटण्या बहुतांश ज्या मिताक्षरेच्या आधारें होत आल्या ती विज्ञानेश्वराची मिताक्षरा चालुक्यांच्या कल्याणीस लिहिली गेली. म्हणजे वर सांगितलेलें, तिकडे राहिलेलें बसवकल्याण. मराठी घरांतल्या भावांना न्यायानें वेगळें कसें व्हावें हें एका कानडी राजाच्या राजधानींत बसून शिकविलें गेलें. तें घराबाहेर काढावयास आपण विसरलों.

आतां त्या प्रमाणाच्या प्रश्नाकडे येतों, आणि येथें वाचकांनीं थोडें सबुरीनें घ्यावें अशी विनंति आहे. १९५७ सालीं मुंबई सरकारनें म्हैसूरकडून ८१४ गांवांची मागणी केली. खेडें हा घटक धरावा, सलग मुलूख असावा, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा पाहावी, अशीं त्या मागणीमागचीं तत्त्वें होतीं. तत्त्वें उत्तम होतीं. आणि तीं प्रामाणिकपणानें लावल्यामुळेंच त्याच वेळीं मुंबई सरकारनें सोलापूर, अक्कलकोट, जत या बाजूंचीं २६० च्या सुमारास कानडी गांवें म्हैसूरला देऊंही केलीं होतीं. ८१४ हा आंकडा आज महाराष्ट्रांतल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २६० हा आंकडा किती सुशिक्षितांना माहीत आहे? मीं माझ्या परिचितांत विचारून पाहिलें. बहुतेकांना तो आंकडा शत्रूनें पसरविलेली कंडी वाटला.

पुढें महाजन आयोग आला. १९६७ सालच्या अहवालांत त्यानें २६४ गांवें महाराष्ट्रास आणि २४७ गांवें म्हैसूरला द्यावयास सांगितलें. निपाणी, खानापूर इकडे. सबंध अक्कलकोट तालुका, दक्षिण सोलापूर व जत यांतलीं कांहीं गांवें तिकडे. बेळगांव शहर होतें तेथेंच. महाराष्ट्रानें तो नाकारला, म्हैसूरनें स्वीकारला. बेळगांवच्या बाबतींत आयोगानें लावलेलीं प्रमाणें सुसंगत नव्हतीं, असें मलाही वाटतें. तेथील मराठी माणसाचें दुःख खरें आहे; १७ जानेवारी १९५६ रोजीं तेथें ज्यांच्या छातीवर गोळ्या बसल्या ते कोणत्याही नकाशावरची रेघ नव्हते, माणसें होतीं. २००४ सालीं महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयांत गेला तेव्हां पाठीशीं हें सगळें होतें.

पण बेळगांवांत भाषेचें प्रमाण आणि अक्कलकोटांत प्रचलित हद्दीचें, अशीं दोन मापें एका दुकानांत ठेवतां येत नाहींत. कर्नाटक तरी दुसरें काय करतें? बेळगांवचा प्रश्न निघाला कीं हद्द पवित्र, अक्कलकोटचा निघाला कीं भाषा पवित्र. २०२२ सालच्या अखेरीस तेथील मुख्यमंत्र्यांनीं जतच्या गांवांवर आणि अक्कलकोट-सोलापूरच्या कानडी भागावर हक्क सांगितला, तेव्हां आमच्याकडे जो संताप उसळला तो मीं जवळून पाहिला. संतापणाऱ्यांपैकीं एकालाही असें वाटलें नाहीं कीं बेळगांवकडे बोट दाखवितांना आपण जें वाक्य उच्चारतों, तेंच अक्षरशः आतां आपल्याकडे वळून आलें आहे. मला विचाराल तर अक्कलकोट आज कर्नाटकांत जाऊं इच्छीत नाहीं. साठ-सत्तर वर्षांत तेथील मनें, बाजार, स्वामी समर्थांच्या मठाकडे लागणारी रीघ, सगळें इकडे जडलें आहे. कदाचित् हेंच खरें उत्तर असेल. परंतु मग इच्छा हें प्रमाण झालें, भाषा नव्हे, आणि तें बेळगांवांत, निपाणींत, भालकींत, सगळीकडे सारखेंच विचारावें लागेल. उत्तर गैरसोयीचें आलें तरी ऐकावें लागेल.

इच्छा तरी कशानें घडते? जतच्या पूर्वेकडील ज्या गांवांनीं पूर्वीं कर्नाटकांत जाण्याचे ठराव केले, त्यांचें कारण शिलालेख नव्हते, कविराजमार्गही नव्हता. तेथें पाणी नव्हतें. शिवेपलीकडे पाणी आलेलें त्यांना दिसत होतें. ज्या राज्याला आपल्या कडेच्या गांवापर्यंत पाणी नेतां येत नाहीं त्यानें त्या गांवाच्या निष्ठेविषयीं शंका घेणें हा मला तरी उद्दामपणा वाटतो.

युरोपांत श्लेस्विग नांवाचा प्रांत आहे. १८६४ सालच्या युद्धानें तो डेन्मार्ककडून गेला. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० सालीं, तेथें दोन विभाग पाडून मतें घेतलीं. उत्तरेचा भाग डेन्मार्कला मिळाला, दक्षिणेचा जर्मनींत राहिला. अर्थात् थोडे डॅनिश लोक रेघेच्या खालीं आणि थोडे जर्मन रेघेच्या वर उरलेच. पुढें ३५ वर्षें, एक दुसरें महायुद्ध मध्यें धरून, त्यांचे हाल झाले. मग १९५५ सालीं दोन्ही सरकारांनीं आपापले जाहीरनामे काढले. स्वतःला डॅनिश म्हणवावें कीं जर्मन, हें ज्याचें त्यानें ठरवावें. सरकारी अंमलदारानें त्याची चौकशी करूं नये. मूळ रेघ एक तसूभरही हलली नाहीं, पण तिच्यावर राहणें सुसह्य झालें. हें वर्ष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्याच १९५५ सालीं आमच्याकडे फाजल अली आयोगाचा अहवाल आला, आणि दुसऱ्याच वर्षीं घटनेंत ३५०-क हें कलम घालण्यांत आलें: भाषिक अल्पसंख्यांकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय राज्यानें करावी. म्हणजे कागदावर आम्हीही फार मागें नव्हतों.

त्या कलमाची परीक्षा आमच्या दाराशींच आहे. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाची, ‘बालभारती’ची, स्थापना १९६७ सालची, म्हणजे महाजन अहवालाच्याच वर्षाची. ती मराठीबरोबर कानडी आणि तेलुगू भाषांतूनही पुस्तकें काढते, आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत येथें कानडी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. सीमेवरच्या सभांतून या शाळांचा उल्लेख मीं क्वचितच ऐकला. खरें म्हणजे बेळगांवच्या मराठी शाळेसाठीं भांडणाऱ्याचें सर्वांत भक्कम साक्षीपत्र तेंच आहे. अक्कलकोटच्या कानडी शाळेंत शिक्षक वेळेवर नेमला जातो, त्याला कानडी उत्तम येतें, त्या शाळेंतून निघालेलें पोर नोकरीच्या अर्जांत मागें पडत नाहीं, एवढें दाखवितां आलें तर बेळगांवांतल्या मराठी मुलाविषयीं बोलण्याचा आमचा अधिकार कोणत्याही ताम्रपटापेक्षां मोठा ठरेल. दाखवितां आलें नाहीं, तर ताम्रपट घेऊन काय करावयाचें?

जुन्या काळीं दोन गांवांच्या शिवेचा तंटा पडला म्हणजे गांवच्या महाराची साक्ष फार मोलाची मानीत. शपथ घेऊन तो शीव चालून दाखवी, आणि तो चालेल ती शीव ठरे. ज्याला गांवानें कुसाबाहेर ठेवलें, त्यालाच गांवाची हद्द पक्की ठाऊक होती. त्या व्यवस्थेचा तो घोर अन्याय होता, आणि नकळत दिलेली कबुलीही होती, कीं कड कोठें आहे हें मध्यावर राहणाऱ्या पाटलाला कळत नाहीं. आजही मुंबई आणि बंगळूर हीं दोन्ही मध्यावर बसून भांडतात. वर्गांतली ती मुलगी रोज शीव चालते, उंबऱ्यावरून बाहेर येतांना एकदां आणि आंत जातांना एकदां. तिच्या पायाला ती बोंचते काय, हें तिलाच विचारलें पाहिजे.

आमच्या गांवाची सर्वांत जुनी शीवही चालूनच राखली जाते. सिद्धरामेश्वरांनीं बाराव्या शतकांत येथें अडुसष्ट लिंगें स्थापिलीं अशी परंपरा आहे. त्यांचीं वचनें कानडींत आहेत. जानेवारींत गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हां एके दिवशीं उंच नंदीध्वज पेलीत लोक त्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करीत सबंध गांवाला वळसा घालतात. दुसऱ्या दिवशीं तळ्याकांठीं संमती कट्ट्यापाशीं गर्दी जमते, आणि सिद्धरामाच्या विवाहाची संमती वाचली जाते. तिचे शब्द कानडी वळणाचे आहेत. जमलेल्यांपैकीं पुष्कळांना ते कळत नाहींत. शेवटचा शब्द ऐकूं आला कीं चहूंकडून अक्षता पडूं लागतात.